दोन ते चार माझी पाळी

शैला, तुझ्या बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुझी गादी जाळली. दाबून भरलेला कापूस नुसता धुमसत राहतो, म्हणून आधी कोयत्यानं गादीचं पोट फाडलं, आत काजूची टरफलं भरली आणि मग काडी लावली. टरफलांत तेल असतं, ती काही शिल्लक ठेवत नाहीत. उशी गेली, दोन गोधड्या गेल्या, तुझी ती तपकिरी शाल गेली. मी परड्यात काठीनं ढोसत उभी होते.

मग मंगेश तुझी पत्र्याची ट्रंक घेऊन आला. मला वाटलं, झाकण उघडून जुनी लुगडी टाकील. त्यानं झाकण उघडलं नाही. तशीच उचलून आगीकडे निघाला.

"मंगेश, ती खाली ठेव. आत तुझ्या आवशीच्या वह्यो आसत."

"म्हणानच जाळतंय. काकी, बाजूक हो."

मी दुसरी कडी धरली. तुझा मुलगा तीस वर्षांचा, टेंपोत आंब्याच्या पेट्या चढवणारा. त्यानं हिसडा दिला तसा पत्र्याच्या काठानं माझा तळहात चिरला. मी सोडली नाही. त्याच्या नडगीवर लाथ मारली. त्यानं मला ढकललं. तुझ्या मरणाला दोन आठवडे झाले नव्हते आणि तुझा मुलगा न् तुझी जाऊ जाळाशेजारी ट्रंक ओढत होतो, आणि दगडी गडग्यापलीकडून शेजारची इंदू हातातलं खोरं टेकून बघत होती.

हे असं सुरू करायचं नव्हतं. तालुक्याच्या वाचनालयाची माणसं घरी येऊन गेली, तुझ्यावर अंक काढतायत. मला म्हणाली, तुम्ही थोरल्या जाऊबाई, जवळून पाहिलंत, तर मातृत्व आणि लेखन ही त्यांची तारेवरची कसरत, असं काहीतरी लिहा. मी बरं म्हटलं. पण कसरत मी पाहिलेली नाही. मी जे पाहिलं ते वेगळं आहे. ते तुलाच सांगते. ज्याला पहिल्यांदा सांगायला हवं होतं त्याला सांगून झालंय.

तू या घरात आलीस तेव्हा सोबत अकरा वह्या होत्या. सासूबाईंनी त्या उचलून बघितल्या आणि तांदळाच्या कणगीमागे ठेवल्या. "हयसर बियो फोडूक हात लागतत, लिवक नाय." तुझ्या हातांची मला तेव्हा दयाच आली. काजूच्या टरफलाचं तेल कातडीला लागलं की ती सोलून निघते. राख चोळा, खोबरेल चोळा, तरी जायची ती जातेच. पहिल्या हंगामात तुझ्या उजव्या हाताची बोटं अशी झाली की भाताचा घास उचलताना तू डोळे मिटायचीस. त्या बोटांत पेन धरून तू माळ्यावर जाऊन लिहायचीस. पुढे आधारच्या मशीनवर तुझा अंगठा उमटेना, तेव्हा तिथल्या पोराला तू सांगितलंस, "माझो अंगठो ह्या घरान खाल्लो. मी सही करतंय, चलात?"

मंगेश झाल्यावर आपण दोघींनी करार केला. पहाटे पाच ते सात माझ्या वाटणीच्या बिया तू फोडायच्या. दुपारी दोन ते चार तुझं पोर मी बघायचं. तेव्हा आपल्या काजूच्या कारखान्यातल्या बायका जेवायला जायच्या, बॉयलर निवायचा, सासूबाई आडव्या व्हायच्या. माझी पल्लवी मंगेशहून दोन वर्षांनी मोठी. मला एक काय न् दोन काय. माझे हे जहाजावर, म्हणजे वर्षातले नऊ महिने घरात मला विचारणारं कोणी नाही. मी लगेच हो म्हटलं.

करार मी पाळत होते, पण तुझं लिहिणं मला पटत नव्हतं, हे तुला तोंडावर सांगत होते.

"पोर मोठा होवंदे. मगे लिव. वह्यो काय नासणत नाय."

"पोर मोठा होयसर मी नासतंय, त्याचा काय?"

या भांडणाचा निकाल लागला नाही. तीस वर्षं आपण तेच भांडलो, निरनिराळ्या शब्दांत. अजून मला वाटतं माझं बरोबर होतं. आणि आता उत्तर द्यायला तू नाहीस, तर जिंकल्यासारखंही वाटत नाही.

तो दिवस मे महिन्यातला. हंगाम भरात होता. काजू फोडायची ती मशीन तुला आठवते, समोरासमोर दोन पाती, पायाशी पट्टी, हाताशी दांडा. घरात लहान पोरं होती म्हणून नियम होता. उठताना ज्यानं त्यानं आपल्या मशीनचा दांडा सुतळीनं बांधायचा आणि पात्यांवर गोणपाट टाकायचं. त्या दुपारी, दोन्ही पोरं माझ्याजवळ खेळत असताना, मी उठले आणि बांधायला वाकले, तेवढ्यात गडग्यापलीकडे पाचोळा वाजला. इंदू आमच्या झाडाखालच्या बिया वेचत होती. मी सुतळी तशीच टाकली आणि गेले.

"गो इंदू, त्यो बियो आमच्या झाडाच्यो."

"झाड तुमचा. बियो पडल्यो आमच्या हद्दीत. पडलो तो आमचो."

"असा? मगे उद्या तुझो घोव पियान आमच्या हद्दीत पडलो, तर तो आमचो?"

"ने गो ने. पण परत हाडून देव नको."

आम्ही दोघी हसलो. इंदू तर खाली बसून हसली. मी गडग्यावर एक पाय टाकून उभी होते आणि स्वतःवर खूश होते. असं बोलणं जमलं की मला दिवसभर पुरतं. मी पुढचं काय बोलायचं याचा विचार करत होते, तेव्हा मागून किंकाळी आली.

किंकाळी मंगेशची नव्हती. पल्लवीची होती.

मंगेश मशीनसमोर उकिडवा बसून आपल्या हाताकडे बघत होता. आवाज करत नव्हता. बी त्यानं पात्यांत धरली होती, आपल्या आया धरतात तशी. पल्लवी उभी होती आणि तिच्या दोन्ही मुठींत दांडा होता. ती ओरडत होती आणि दांडा सोडत नव्हती. कारखाना कारखाना खेळत होती पोरं.

आता जे सांगते त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. मी आधी पल्लवीची बोटं एकेक करून दांड्यावरून सोडवली. तिला बखोट धरून मागच्या खोलीत ढकललं. बाहेरून कडी घातली. आणि मग तुझ्या मुलाकडे वळले.

वळले तेव्हा तू माळ्याच्या शिडीच्या शेवटच्या पायरीवर होतीस. तू मंगेशकडे बघितलंस, मग कडीकडे बघितलंस. त्यानंतर धावलीस.

सासूबाई उठून आल्या. "पोर खंय होता? आवस खंय होती?" आणि कोणी तोंड उघडायच्या आत त्यांनीच उत्तर दिलं, "वर लिवत बसलली."

वसंत भावजी, तुझे यजमान, बाहेरून आले. त्यांनी रक्त बघितलं, तुला बघितलं आणि तुझ्या थोबाडीत अशी दिली की तू बियांच्या पोत्यांवर जाऊन पडलीस. दुसरी दिली. ओठ फुटला. तू पोत्यांवरून माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही. तू थांबली होतीस. मी काय बोलते याची वाट बघत होतीस.

मी म्हटलं, "आधी जीप बघा."

बरोबरच होतं ते. जीप हवीच होती. मी फडकं बांधलं, तुटलेली पेरं रुमालात घेतली, जीपवाल्याला हाक मारली, तळेऱ्याच्या डॉक्टरकडे पुढे निरोप धाडला. त्या दिवशी सगळे म्हणाले, थोरली होती म्हणून निभावलं. मी आयुष्यभर हेच केलंय, शैला. बोलायची वेळ आली की काहीतरी काम काढलंय.

उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॉयलरमध्ये टरफलं टाकत होते. तू वह्या घेऊन आलीस. तुझी कादंबरी होती त्यांत, तीन वर्षांच्या दुपारी. तुझा ओठ सुजलेला होता. बॉयलरचं झाकण तापलेलं होतं आणि तुझ्या हातात फडकं नव्हतं, म्हणून ते मी उघडून धरलं. तू एकेक वही फाडून आत टाकलीस. मधे एकदा मी झाकण लोटायला हात हलवला आणि तू म्हणालीस, "धर." मी धरलं. शेवटची वही जाईपर्यंत धरलं.

तू अकरा वर्षं एक ओळ लिहिली नाहीस. माझ्या वाटणीच्या बिया मात्र पहाटे फोडत राहिलीस. मी दोनदा नको म्हटलं. तू म्हणालीस, सवय झाली.

आणि त्या अकरा वर्षांत सासूबाई तुझ्या मुलाला मांडीवर घेऊन त्याचा हात कुरवाळत काय सांगायच्या, ते मी ऐकत होते. "तुझ्या आवशीच्या वहीन तुझी बोटां खाल्ली." त्यानं डावखुरं व्हायला शिकताना ते ऐकलं, शाळेत पोरं चिडवायची तेव्हा ऐकलं, आणि मग त्याला ऐकवायची गरज उरली नाही. मी मागच्या पडवीत भांडी घासत असायची. भांडी आपटायची. एवढाच माझा निषेध.

मग सासूबाईंना अर्धांग झालं. वाचा गेली. त्यांचं सगळं तुझ्याकडे आलं, कारण मी कारखान्यात. एका दुपारी मी औषध द्यायला आत आले, तर तू त्यांच्या खाटेशेजारी जमिनीवर बसून आंब्याच्या पेटीतल्या जुन्या कागदांच्या पाठीवर लिहीत होतीस. सासूबाई टक लावून बघत होत्या. उजवा डोळा रागानं लाल. मी म्हटलं, "गो, म्हातारी बघता." तू मान वर न करता म्हणालीस, "बघूंदे. तेका दुसरा काय दिसता?" दोन वर्षं त्यांनी तुला लिहिताना बघितलं. तू त्यांना वेळेवर कुशीवर वळवलंस, एक जखम होऊ दिली नाहीस, आणि रोज दोन ते चार त्यांच्या डोळ्यांसमोर लिहिलंस. याहून क्रूर काही मी बघितलेलं नाही. मला ते फार आवडलं, हे तुला कधी सांगितलं नाही.

तुझं पहिलं पुस्तक मी एका बैठकीत वाचलं. चौथी गोष्ट वाचली आणि पुस्तक हातात घेऊन स्वयंपाकघरात आले. तू आडाळ्याच्या विळीवर बसून बांगडे कापत होतीस.

त्या गोष्टीत एक आई आहे. ती गडग्यावर शेजारणीशी भांडते. उद्या तुझा नवरा आमच्या हद्दीत पडला तर तो आमचा का, असं विचारते. दोघी हसतात, आणि मागे तिच्या पोराचा हात मशीनमध्ये जातो. माझं वाक्य, शब्दाला शब्द. माळ्याची खिडकी गडग्याकडे उघडते, हे मी इतकी वर्षं विसरले होते. तू वरून सगळं ऐकत होतीस. पोरं कोणाजवळ होती आणि ती बाई कुठे होती, तुला मिनिटामिनिटाचं माहीत होतं.

पण गोष्टीत जाऊ नव्हती. सहा वर्षांची मुलगी नव्हती. आई होती, पोर होतं, मशीन होती. दांडा आपोआप पडतो, असं लिहिलंयस तू. तो आपोआप पडत नाही.

मी म्हटलं, "माझा वाक्य चोरलंस."

तू बांगड्याचं डोकं उडवलंस. "वाक्यच चोरलंय. बाकीचा तुका सोडलंय."

"कोणी सांगल्यान सोडूक? माका इचारलंस?"

मग आपण जे भांडलो, ते वाडीनं ऐकलं. मी पुस्तक तुझ्या अंगावर फेकलं, ते माशाच्या पाण्यात पडलं. तू उठलीस ती हातात अर्धा बांगडा घेऊन, आणि तो माझ्या तोंडावर मारलास. मी तुझे केस धरले. चाळिशी ओलांडलेल्या दोन बायका, खवल्यांनी माखलेल्या. शेवटी तू धापा टाकत म्हणालीस, "वैनी, तू त्या दिवशी सांगलं असतंस, तरी थोबाडीत माझ्याच बसतली होती. आवस मी होतंय. दोन थोबाडी वाचवक तुझ्या पल्लवीचा नाव कित्याक घेव?"

तरीपण मी सांगायला हवं होतं, हे त्याचं उत्तर. ते सुचायला आज बारा वर्षं लागली.

तू पुस्तक धुऊन चुलीवर वाळत घातलंस. माझ्याकडची प्रत अजून बांगड्याचा वास मारते.

नंतर वैभववाडीला तुझा सत्कार झाला. एका बाईनं उठून विचारलं, मूल लहान असताना लिहायला वेळ कसा काढलात? तू माईक घेऊन शांतपणे म्हणालीस, "माझ्या थोरल्या जाऊबाई दुपारी मुलाला सांभाळायच्या." टाळ्या पडल्या. मला उभं राहायला लावलं. मी उभी राहिले. मला वाटलं, हिनं मला भर सभेत सुरा घातला. एसटीत मी तुला सरळ विचारलं, "माझो मान केलंस काय माका मारलंस?"

तू शेंगदाणे खात होतीस. तळेऱ्याचा फाटा गेल्यावर बोललीस. "दोन ते चार माका मिळाले, ता खरा मां? तीन वरसां मिळाले. तेवढा कोणाक मिळता? ता पण सांगूक नको?" आणि पुडी माझ्यापुढे केलीस.

मंगेश त्या सत्काराला आला नव्हता. त्यानं तुझी एक ओळ वाचली नाही. तू त्याला वाच म्हणाली नाहीस. तू त्याच्या ताटात मासा काढून वाढायचीस आणि तो खाली मान घालून जेवायचा. हे मी रोज बघायची आणि हात धुवायला उठायची.

तू गेलीस ती सकाळ मी मंगेशलाही धड सांगितलेली नाही. तू आडाळ्यावर होतीस. एक शब्द न बोलता कललीस. मी धावले आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर लाथेनं आडाळा लांब सारला. मग तुला धरलं. डोक्यात शीर फुटली होती, मी आधी धरलं असतं तरी फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. मला ते पटतं. पण त्या दिवशी दांडा, या वेळी पातं, मी पुन्हा माणसाआधी तेच बघितलं, एवढं मात्र मला कळलं.

तर ट्रंक. मंगेशनं मला ढकलल्यावर मी मातीत बसले, पण कडी सोडली नव्हती. तो ओरडला, "काकी, सोड. ह्या वह्यांनी माझो हात खाल्लो."

मी म्हटलं, "नाय खाल्लो. दोन ते चार माझी पाळी होती."

तो थांबला. मी बसल्या जागी सगळं सांगितलं. सुतळी सांगितली, इंदू सांगितली, पल्लवीच्या मुठी सांगितल्या, कडी सांगितली. गडग्यापलीकडे इंदूनं खोरं खाली ठेवलं. तिलाही हे नवीनच होतं. तिला फक्त आम्ही दोघी हसलो तेवढं आठवत होतं.

मंगेशनं विचारलं, "आई तेव्हा माका टाकून वर गेली नाय?"

"नाय. माझ्या हातात दिल्यान तुका. तोंड पुसून दिल्यान."

"तिका म्हायत होता?"

"सगळा."

"मगे ती गप कित्याक रवली?"

मी ट्रंक जवळ ओढली. तो खोपीत गेला. ती जुनी मशीन अजून तिथंच आहे, गंजलेली. त्यानं घण घेतला आणि मारायला सुरुवात केली. ओतीव लोखंड सहज फुटत नाही. त्याला बराच वेळ लागला. मी आवाज मोजत नव्हते, ट्रंक धरून बसले होते. दांडा तुटला, मग पाती धरणारा सांगाडा तुटला, मग घणाचा दांडा तुटला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या तीन बोटांच्या हाताला फोड आले होते. माझ्याकडे न बघता टेंपो घेऊन गेला.

मी पल्लवीला पुण्याला फोन लावला. तिचं नाव घेतल्याचं तिला माझ्याकडून कळायला हवं होतं. मी सांगायला लागले तर ती म्हणाली, "आई, मला आठवतं. मला सगळं आठवतं. बारावीच्या सुट्टीत मी काकीला सांगितलं."

"तिनं काय म्हटलं?"

"म्हणाली, दांडो तू ओढलंस, पण सुतळी बांधूचा काम मोठ्यांचा होता. तू शिकूक जा. आणि म्हणाली, तुझ्या आवशीक ह्या विचारू नको. ती मोडात."

मोडात. मी. शैला, हे ऐकलं तेव्हा तू समोर असतीस तर मी तुला पुन्हा बांगड्यानं मारलं असतं. अकरा वर्षं तुझी वही बंद, तुझा मुलगा तुझ्याशी अर्धा बोलणारा, आणि तू सांभाळत होतीस कोणाला, तर मला. मला विचारलंस? मी मोडले असते की नाही, हे ठरवणारी तू कोण? आणि मोडले असते तरी मोडायची पाळी माझी होती.

यातलं मी तुला काही सांगू शकत नाही, म्हणून इथं लिहिते. तुझ्या गोष्टीतून तू मला बाहेर ठेवलंस. ट्रंकेतल्या तुझ्या बाराही वह्या मी तपासल्या, कुठेच नाही मी. म्हणून मी स्वतःच आत येतेय. पल्लवी म्हणाली, तिचं नाव राहू दे.

मंगेश चार दिवस नुसता जेवायला यायचा, जेवायचा. पाचव्या दिवशी दुपारी इंदूच्या आवारात पाचोळा वाजला. मी गडग्याशी गेले. काजूची पिकलेली बोंडं पडली होती आणि इंदू त्यांच्या बिया पिळून काढून सरळ ओच्यात टाकत होती. मी सुरुवात केली. तिनं उत्तर दिलं. आवाज चढले. मला बरं वाटायला लागलं होतं, खरं सांगते. कितीतरी दिवसांनी बरं वाटत होतं.

तेवढ्यात वरून, माळ्याच्या खिडकीतून आवाज आला.

"काकी, हळू. वाचतंय."

मी वर बघितलं. तो खिडकीत बसला होता, मांडीवर तुझी वही. पान उलटायला त्याला अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट लावावं लागतं, म्हणून वेळ लागतो. त्यानं मान वर केली नाही.

इंदू म्हणाली, "गो, बोल मां. थांबलंस कित्याक?"

मी म्हटलं, "ने त्यो बियो. आज ने." आणि पाय खाली घेतला. भांडण अर्धं टाकून मी याआधी कधी परत आले नव्हते. घड्याळात अडीच वाजले होते. मी माळ्याच्या शिडीखाली जाऊन बसले. चारपर्यंत तिथंच बसून राहिले, उठले नाही.